विटा झेललेले हात

रविवारी सकाळी कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या बागेतल्या आमच्या बाकावर थर्मासचे झाकण उघडायच्या आतच बापूने जुना वाद उकरून काढला: अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू झेलणाऱ्यांत सॅन फ्रान्सिस्कोचा जेरी राइस मोठा की मिनेसोटाचा रँडी मॉस? अमेरिकेतली पहिली सहा वर्षे मिनेसोटात काढल्यामुळे मॉसचे नाव निघाले की बापू उठून उभा राहतो आणि एक हात आभाळाकडे नेऊन अदृश्य चेंडू झेलतो.

"२००७ मध्ये मॉसने एका हंगामात २३ टचडाउन झेलून तुमच्या राइसचा २२ चा विक्रम मोडला, हे विसरू नका," तो गरजला. टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण.

नानांनी कप शांतपणे खाली ठेवला. "१९८७ मध्ये खेळाडूंचा संप झाला, म्हणून राइसला बाराच सामने मिळाले, मॉसला सोळा लागले. शिवाय ते तेवीस त्याने न्यू इंग्लंडसाठी झेलले, तुझ्या मिनेसोटासाठी नव्हे."

बापू खाली बसला. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड या खेड्यात गवंडी बापाच्या हाताखाली भावांनी फेकलेल्या विटा झेलत वाढलेला राइस, त्याचा वेग बेताचाच आहे असे जाणकार म्हणत असतानाही सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी १९८५ मध्ये नव्या खेळाडूंच्या निवडीत सोळाव्या क्रमांकावर निवडला, आणि पहिल्याच वर्षी हातातून चेंडू निसटले म्हणून कँडलस्टिक या घरच्या मैदानावर त्याची हुर्योही झाली. पुढे सॅन कार्लोसजवळच्या एजवुड पार्कची टेकडी तो हंगाम नसतानाही धावत चढत असे. ती वाट मी चढलो आहे, आणि तेव्हापासून मला राइसने कारकिर्दीत चेंडू झेलून मिळवलेल्या २२,८९५ यार्डांचे नवल वाटत नाही, आदर वाटतो. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड १७,४९२ वर थांबला.

"आणि हातमोज्यांवर फवारलेले ते चिकट द्रव्य?" बापूने ठेवणीतले अस्त्र काढले. "१९८१ पासून त्यावर बंदी आहे, आणि २०१५ मध्ये राइसनेच ते वापरल्याचे सांगितले."

हा घाव मलाही लागतो. ते त्याने करायला नको होते. नानाही क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ते चुकलेच. पण चिकट मोजे चेंडू धरून ठेवतील, पाय पळवणार नाहीत. २००२ मध्ये ओकलंडकडून खेळताना त्याने चाळिशी गाठली, आणि त्या हंगामात ९२ चेंडू झेलून १,२११ यार्ड मिळवले. चाळिशीत तुझा मॉस कुठे होता?"

उत्तर नसले की बापू १९९८ च्या हंगामाकडे वळतो: सोळांपैकी पंधरा सामने जिंकलेला मिनेसोटाचा संघ, अटलांटाविरुद्ध गोलखांबाच्या बाहेर गेलेली ती लाथ आणि हुकलेला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. ती कहाणी आम्हा सर्वांना पाठ असल्यामुळे "लाथ" हा शब्द आम्ही त्याच्याबरोबर एकसुरात उच्चारला आणि बाक हसण्याने हादरला. हसू ओसरल्यावर नानांनी उरलेला चहा बापूच्या कपात ओतला आणि म्हणाले, "त्याच हंगामात, पदार्पणाच्या वर्षी, मॉसने १७ टचडाउन झेलले होते. राइसने पहिल्या वर्षी तीनच."

बापू कप हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला.