गुरुजींचा प्रस्ताव कोणी लिहायचा?

सप्टेंबर जवळ आला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. घरात शिक्षक बरेच, त्यामुळे बाजूही बऱ्याच. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली मावशी म्हणते, आदर्श शिक्षक पुरस्कार बंदच करा, ज्याच्या प्रस्तावाची फाईल जाड त्याचा नंबर लागतो. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर असलेला तिचा मुलगा म्हणतो, वर्षभर ऑनलाइन माहिती भरून घेणारं शिक्षण खातं एक दिवस शाल घालत असेल तर घालू दे की. मग कोणीतरी मला विचारतं, ‘तुमच्या लंडनला कसं असतं रे?’

आमचं लंडन म्हणजे ब्रेंट. शहराच्या वायव्येकडचा भाग. महाराष्ट्र मंडळाची वास्तूही इथेच, डॉलिस हिलला. याच ब्रेंटमधल्या अल्पर्टनच्या शाळेत शिकवणाऱ्या अँड्रिया झाफिराकू यांना 2018 मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलरचं. दोनच वर्षांनी तोच पुरस्कार सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना मिळाला, हे आपल्याला माहीतच आहे. अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हेही गाजलं. फारसं गाजलं नाही ते या दोघांमधलं साम्य. दोघंही मुलांना शिकवता यावं म्हणून आधी स्वतः मुलांची भाषा शिकले.

झाफिराकू चित्रकला आणि वस्त्रकला शिकवायच्या. ब्रेंटमध्ये घराघरांत शंभरावर भाषा बोलल्या जातात. बाईंच्या शाळेतल्या मुलांच्या पस्तीसेक. त्यातल्या बऱ्याच भाषांमधलं जुजबी बोलणं बाईंनी शिकून घेतलं, गुजराती, हिंदी, तमिळसकट. शाळेच्या फाटकावर उभं राहून त्या पोरांशी आणि त्यांच्या आईबापांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलायच्या. डिसले 2009 मध्ये परितेवाडीला गेले तेव्हा तिथल्या मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेत. ते कन्नड शिकले, पहिली ते चौथीची पुस्तकं मुलांसाठी नव्याने बेतली आणि त्यांत क्यूआर कोड घातले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, व्हिडिओ दिसायचा. जगाने उचलून धरला तो कोड. कन्नड शिकणं तळटीपेत गेलं.

2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय आला आणि जूनअखेर मागे घेतला गेला. त्या काळात मी इथे बसून मिळेल तो लेख वाचला. मुलांनी किती भाषा शिकाव्यात यावर प्रत्येकाला मत होतं. गुरुजींनी किती शिकाव्यात, हा प्रश्न काही माझ्या वाचनात आला नाही. मेळघाटात कोरकू, नंदुरबारला पावरी, गडचिरोलीत माडिया बोलणारी पोरं पहिलीच्या वर्गात येतात. त्यांच्यापुढे उभा राहणारा चांगला शिक्षक ती भाषा शिकतोच, नाहीतर त्याचा वर्ग चालत नाही. नवोपक्रम म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? पण याचा फोटो निघत नाही, आणि फोटो नाही तर प्रस्तावात काय लावणार!

खरी गोम या प्रस्तावातच आहे. राष्ट्रीय पुरस्कारासाठी 2018 पासून शिक्षकाने स्वतःच पोर्टलवर अर्ज भरायचा असतो. हेतू वाईट नव्हता. पूर्वी शिफारशीसाठी वरपर्यंत ओळख लागायची, ती आता लागू नये. पण मी किती चांगला, हे पुराव्यानिशी मीच सांगायचं म्हटल्यावर सांगता येणारे पुढे जातात आणि शिकवता येणारे संकोचतात. दोन्ही जमणारे असतात, पण थोडे.

इंग्लंडमध्ये चित्रपट निर्माते डेव्हिड पटनम यांनी 1998 मध्ये शिक्षकांसाठी राष्ट्रीय पुरस्कार सुरू केले. त्यांसाठी नाव सुचवतात विद्यार्थी, पालक, सहकारी. इथल्या आयाबाया काय लिहितात ते मी ऐकलंय: पोरगं महिनाभर वर्गात बोलत नव्हतं, मग बाईंनी त्याला रोज सकाळी हजेरीपत्रक नेऊन द्यायचं काम दिलं. असली गोष्ट कोणता शिक्षक स्वतःच्या अर्जात लिहील? त्याला ती लिहिण्यासारखी वाटतही नसेल.

म्हणजे इथे सगळं आलबेल आहे असं नाही. इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत नव्याने आलेल्या शिक्षकांपैकी जवळपास एकतृतीयांश पाच वर्षांत नोकरी सोडतात. कामगिरीशी पगार जोडायचा प्रयोगही इथे झाला. शाळांवरची ती सक्ती 2024 मध्ये काढून टाकली. शाळा तपासणारं ऑफस्टेड अख्ख्या शाळेला एका शब्दात तोलायचं, तेही त्याच वर्षी थांबलं. पुरस्कारांनी यातलं काही टळलं नाही. त्यामुळे ‘परदेशात शिक्षकांना किती मान’ छापाचे फॉरवर्ड माझ्याकडे आले की मी पुढे पाठवत नाही.

मावशीचं म्हणणं मला तरीही पटत नाही. पुरस्कार बंद करून काय मिळेल? माझ्या मते डिसले सरांचा मोठा गौरव 2020 च्या आधीच झाला होता. 2017 मध्ये राज्याने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं तेव्हा. एका खेड्यातल्या गुरुजीची कल्पना बालभारतीच्या पुस्तकात गेली, याहून मोठी शाल मला दिसत नाही. पुढे अमेरिकेच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी त्यांनी रजा मागितल्यावर मात्र चर्चा फिरली ती हजेरी आणि रजेच्या अर्जाभोवती. त्यात चूक कोणाची, हे मी इतक्या लांबून ठरवणार नाही. पण कल्पना पुढे नेण्यासाठी शिक्षकाला वेळ कसा द्यायचा, याची सोयच आपल्या नियमांत नाही, एवढं तेव्हा दिसलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. तरी 2023 मध्ये ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत शिक्षकांना रस्त्यावर यावं लागलं. आणि त्यांच्यासाठी खात्याने काय काढलं? 2022 मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायची सूचना, 2024 मध्ये पोशाखाचे नियम.

मावसभावाला मी एवढंच सुचवलं की प्रस्ताव गावाने लिहावा: पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी, शाळा व्यवस्थापन समितीने. निवड समितीने फाईल बाजूला ठेवून दोन दिवस वर्गात मागच्या बाकावर बसावं. आणि पुरस्कार मिळालेल्या शिक्षकाला आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गटातल्या, इतर शाळांवर जाऊन आपली पद्धत दाखवायला वर्षातून काही दिवस मोकळे द्यावेत. तो म्हणाला, ‘दादा, शाळा दोनशिक्षकी आहे. मी गेलो तर माझे दोन वर्ग कोण सांभाळणार?’ राष्ट्रीय पुरस्काराचे पन्नास हजार रुपये असतात. तेवढेच आणखी शाळेच्या नावावर ठेवले, तर त्या दिवसांपुरता गावातलाच कोणी डीएड झालेला, नोकरीची वाट पाहणारा पोरगा मानधनावर बोलावता येईल.