मागे कोणीतरी तापलंय

जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर केलं की लोक येऊन बेड कुठेय, बाथरूम कसं बसवलं एवढंच विचारतात. इंजिन किती तापतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही, आणि उन्हाळ्यात आमच्या घरात दुसरा विषयच नसतो.

मुळात गोची अशी की इंजिन पार मागे आणि मी पार पुढे. कारचा रेडिएटर, म्हणजे इंजिनाचं तापलेलं पाणी गार करणारी जाळी, पुढे असतो, गाडी पळाली की वारा फुकट मिळतो. आमचा रेडिएटर मागे एका बाजूला, तिथे वारा आपणहून फिरकत नाही, पंख्याने ओढून आणावा लागतो. त्यात पंख्याचा पट्टा सैल पडला की पंखा नुसता फिरल्यासारखं करतो, आणि कडेचं रबर झिजलं असेल तर बाहेर टाकलेला गरम वाराच वळसा घालून परत आत. डिझेल जाळून मिळालेल्या उष्णतेतली निम्मीसुद्धा चाकांच्या कामी येत नाही, उरलेली थोडी धुरातून जाते आणि थोडी या बिचाऱ्या रेडिएटरच्या गळ्यात. वर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेलही त्याच पाण्यात गार व्हायला येतं.

मग चढ लागतो.

तापमानाचा काटा वर सरकला की आधी एसी बंद. तरी सरकला तर हीटर फुल. हो, हीटर! भर उन्हात! कारण हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो घरात आणून सोडतो. बायको मधूनच ओरडते, "अहो, आपण इंजिनासाठी जगतोय का?" यावर उत्तर द्यायची ही वेळ नसते कारण मी गिअर खाली टाकून ॲक्सिलरेटर हलका करण्यात गुंतलेलो असतो. आरपीएम वाढले की पंखा आणि वॉटर पंप दोघंही जोरात फिरतात, बस मात्र इतकी हळू चढते की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकतात.

वर पोचलो की लगेच इंजिन बंद करायचं नाही, थोडा वेळ रिकामं पळू द्यायचं. आणि रेडिएटरचं झाकण तर उघडायचंच नाही. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, पण 15 पीएसआयचा दाब धरून ठेवणाऱ्या झाकणाखाली 120 च्या आसपास जाईपर्यंत दम धरतं. झाकण उघडलं की दाब गेला, दम सुटला, आणि ते पाणी सरळ तोंडावर!

तेवढ्यात सल्लागार जमतातच. "थर्मोस्टॅट काढून फेका" हा सगळ्यांचा लाडका सल्ला. थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. अहो, बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो, तो काढला की गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. दुसरा म्हणतो रेडिएटर तर चकाचक दिसतोय. बाहेरून दिसणारच! घाण बसते रेडिएटरपुढे बसवलेल्या एसीच्या जाळीमागच्या (कंडेन्सरमागच्या) बोटभर फटीत, तेलात माखलेली धूळ, ती कमी दाबाच्या पाण्याने, वाऱ्याच्या उलट दिशेने, जाळीचे पत्र्याचे पातळ पापुद्रे न वाकवता धुवावी लागते. हे काम मी कितीही प्रेमाने शिकवलं तरी घरात कोणी शिकायला तयार नाही.

शेवटचा उपाय माझा आवडता. रेडिएटरवर पाण्याचा बारीक फवारा. एक लिटर पाणी वाफ होताना सव्वादोन हजार किलोज्यूलच्या वर उष्णता घेऊन जातं, काटा डोळ्यांदेखत खाली येतो! जड पाणी असेल तर पापुद्र्यांवर पांढरे क्षार बसतात, पण ते बघू नंतर. खरी अडचण वेगळीच आहे, हे पाणी आमच्या आंघोळीच्या टाकीतून येतं. मुलीने टाकीवर मार्करने रेघ मारून लिहिलंय, "याच्या खाली आमचं, वरचं बाबांच्या इंजिनाचं."

चढ लांबलचक असला की मी ती रेघ मानत नाही.