‘मऊ धातू आहे, हळू चालवा’ या सल्ल्यानेच फिनिश बिघडतं

लेथवर, म्हणजे बार फिरवून कापायच्या यंत्रावर, काम करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय: ‘ॲल्युमिनियम, तांबं मऊ असतं. आरपीएम कमी ठेवा, शेवटचा कट केसाएवढा घ्या, राहिलेलं एमरी पेपरने काढा.’ यातलं एकेक तपासू.

‘आरपीएम कमी ठेवा.’ खरी गडबड इथेच आहे. कमी वेगात चिपचा (कापून निघणाऱ्या सालीचा) माल दाबाने टूलच्या धारेला वेल्ड होतो. हाच बिल्ट-अप एज. ती गाठ वाढते, तुटते, पुन्हा साठते आणि तुटलेले कण जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, लिंपले जातात. भिंगातून बघा: धारेवर चंदेरी गाठ, जॉबवर फाटल्यासारखे खवले, मधूनच चकाकते ठिपके. २५ मिमीचा बार १००० आरपीएमला फिरवला तर कटिंग स्पीड जेमतेम ७८ मीटर प्रतिमिनिट होतो. ॲल्युमिनियमवर कार्बाइडचं टूल ३०० च्याही पुढे आरामात चालतं. चकच्या (बार धरणाऱ्या पकडीच्या) मर्यादेत राहून जमेल तेवढा वेग वाढवा.

‘कट केसाएवढा घ्या.’ स्टीलसाठीच्या कोटेड इन्सर्टची (टूलवर बसवायच्या बदलत्या पात्याची) धार मुद्दाम किंचित गोल केलेली असते. ०.०२ मिमीच्या कटला ती कापत नाही, नुसती घासते. कट ०.२ मिमीच्या आसपास ठेवा आणि ग्राउंड, पॉलिश केलेलं, बिनकोटिंगचं इन्सर्ट लावा. सीसीजीटी ०९टी३०४ या नंबरचं इन्सर्ट सहज मिळतं. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडचं कोटिंग नकोच, त्याला ॲल्युमिनियम चिकटतं.

बारीक करायचा तो फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर. जॉबवर उरणाऱ्या रेषांची उंची म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (टूलच्या टोकाच्या गोलाईच्या त्रिज्येची) आठपट. ०.४ मिमी रेडियसला फीड ०.२ मिमी असेल तर १२.५ मायक्रॉन, ०.१ केला की ३.१. मात्र फीड ०.०२ पर्यंत उतरवलात तर पुन्हा घासणं सुरू.

‘एमरी पेपरने काढा.’ मऊ धातूत एमरीचे कण रुतून बसतात. जॉब बुश (शाफ्टभोवती बसणारी नळी) असेल तर त्यात फिरणाऱ्या शाफ्टला हेच कण झिजवतात. शिवाय माप जातं ते वेगळंच.

कूलंटबद्दल हा सल्ला गप्पच आहे. सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळायचं तेल) ८-१० टक्के ठेवून थेट धारेवर सोडा. तांब्यावर सक्रिय गंधक असलेलं तेल वापरू नका, डाग पडतात. तांब्याचा बार ॲनील केलेला (तापवून मऊ केलेला) असेल तर तो फारच चिकट कापतो; ड्रॉन (ओढून कडक केलेला) बार मागवा. ड्रॉइंगमध्ये मुभा असेल तर टेल्युरियम कॉपर (थोडं टेल्युरियम मिसळलेलं तांबं) घ्या: कापायला किती सोपं या मोजणीत शुद्ध तांब्याला २०, तर त्याला ८५ गुण देतात.