बुडायचंच असेल तर एकट्याने बुडू नका

छोटा कर्जदार बुडाला की त्याच्या दारात वसुलीवाले येतात. मोठी बँक बुडाली की तिच्या दारात अर्थमंत्री येतात, तिजोरीच्या किल्ल्या घेऊन. उद्या तुमच्या हाती बँक येणारच असेल, तर आपल्या दारात कोण यायला हवं ते आजच ठरवा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण आधी विसरा. अंथरूण उसनं मिळतं. २००७ च्या अखेरीस लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतल्या बड्या गुंतवणूक बँकेने स्वतःच्या एका डॉलरवर तीसेक डॉलरचा संसार मांडला होता. मालमत्तेचा भाव तीन-साडेतीन टक्के उतरला की भांडवल साफ! पण तो उतरेपर्यंत बोनस घरी पोचलेला असतो.

तरी लेहमनचं एक चुकलंच. १५ सप्टेंबर २००८ ला तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि कुणी हात दिला नाही. दुसऱ्याच दिवशी एआयजी या विमा कंपनीला मात्र अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने ८५ अब्ज डॉलरचं कर्ज देऊ केलं. कारण एआयजी ठिकठिकाणच्या बँकांच्या कर्जरोख्यांना हमी देऊन बसली होती. ती गेली असती तर त्यांनाही घेऊन गेली असती. म्हणून नफ्याचं नंतर बघा, आधी गुंता वाढवा. याचे पैसे त्याच्याकडे, त्याला हमी तिसऱ्याची आणि तिसऱ्याचे रोखे पुन्हा तुमच्याच कपाटात. नाक दाबलं की तोंड उघडतं हे खरं, पण दाबायला नाक अख्ख्या देशाचं हवं.

आयर्लंडमध्ये हे फार सुरेख जमलं. सप्टेंबर २००८ च्या शेवटी सरकारने एका रात्रीत बँकांच्या देण्यांची हमी घेतली. पुढे बँकांत सुमारे ६४ अब्ज युरो ओतले, आणि २०१० मध्ये युरोपीय संघ व नाणेनिधीपुढे हात पसरले. मग काटकसर आली. तिची सुरुवात कुठून करायची असते, हे काय सांगायला हवं? फेब्रुवारी २०११ मध्ये किमान वेतन ताशी ८.६५ युरोवरून ७.६५ वर आणलं. ज्याने जन्मात रोखा पाहिला नाही, त्या झाडूवाल्याने तुमच्या जोखमीत ताशी एक युरोचा वाटा उचलला. (त्याच वर्षी नव्या सरकारने तो युरो परत केला. असल्या लहरी कारभारात धंदा करायचा कसा?)

देशाच्या विकासाची काळजी मनाला लावून घेऊ नका. बँका हात आखडतात, तेव्हा कारखानदाराकडे पगारापुरतेही पैसे उरत नाहीत, शाळेची इमारत पुढच्या अर्थसंकल्पावर जाते, दवाखान्यातली नर्सची जागा रिकामी राहते. यातलं काहीच तुमच्या ताळेबंदात दिसत नाही. स्पेनमध्ये घरबांधणीचा फुगा फुटल्यावर २०१२-१३ मध्ये पंचविशीच्या आतल्या, काम शोधणाऱ्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. त्यांची ती वर्षं कुठल्या खात्यात नावे टाकायची, हे अजून कुणाला सुचलेलं नाही. तुम्हीही सुचवू नका.

आइसलँडचं नाव मात्र घरात काढू नका. तिथे २००८ मध्ये तिन्ही मोठ्या बँका बुडू दिल्या आणि पुढे काही बँकर चक्क तुरुंगात गेले. अशाने होतकरू मंडळींचा धीर खचतो.

राहता राहिला जबाब. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनच्या राणीने अर्थतज्ज्ञांना विचारलं, हे कुणालाच कसं दिसलं नाही? उत्तराचं पत्र गेलं जुलै २००९ मध्ये. अनेक बुद्धिमान माणसांची सामूहिक कल्पनाशक्ती कमी पडली, असा त्याचा आशय होता. पाठ करून ठेवा, आणि म्हणताना ‘बुद्धिमान’वर जरा जोर द्या.