तिकडे पास झाले, इकडे गैरहजर

माझ्या पाचव्या सत्राच्या मार्कशीटवर प्रत्येक थिअरी विषयापुढे ‘एबी’ छापून आलंय. ॲबसेंट. कॉलेजच्याच सहीशिक्क्याचं पत्र घेऊन मी त्या सत्रात जर्मनीत शिकायला गेले होते. तिथे परीक्षा दिल्या, पास झाले, मार्कांचा कागद आणून दिला. तरी कॉलेजच्या लेखी मी गैरहजर. गेले कित्येक आठवडे या टेबलावरून त्या टेबलावर नुसती टोलवाटोलवी चालू आहे, आणि आता खरंच डोकं फिरलंय.

मी पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज स्वायत्त आहे. म्हणजे अभ्यासक्रम त्यांचा, परीक्षा त्यांची, मार्कशीट त्यांची. विद्यापीठाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचीही सोय नाही. दोन कॉलेजांमध्ये करार झालेला, तिकडची ट्यूशन फी माफ, एका सत्रासाठी एक्स्चेंज. नोटीस लागली, मुलाखती झाल्या, निवड झाली. घरी पेढे वाटले गेले.

आता मुळातली गोची ऐका, कारण ती कुणी आधी सांगतच नाही. जर्मनीचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, आणि परीक्षा त्यानंतर. आपलं पाचवं सत्र जुलैला सुरू होऊन डिसेंबरात संपतं आणि जानेवारीत सहावं सुरू होतं. म्हणजे तिकडचं एक सत्र इकडच्या दोन सत्रांवर आडवं पडतं. उन्हाळी सत्राला जा, तरी तेच, ते एप्रिलपासून असतं. हे काही गुपित नाही, दोन्हीकडची कॅलेंडरं वर्षभर आधी जाहीर होतात. करारावर सह्या करताना कुणीतरी ती दोन कॅलेंडरं शेजारी ठेवून बघायला नकोत? मी जुलै ते सप्टेंबर इकडे बसले, इनसेम म्हणजे सत्राच्या मधली परीक्षा दिली, टर्मवर्क पुढे ओढून पूर्ण केलं, जर्नल तपासून घेतलं आणि मग विमानात बसले. एंडसेमचं, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं काय, असं विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, “तू जा गं, आल्यावर बघू.” हे ‘आल्यावर बघू’ कागदावर नव्हतं, आणि आता ते कुणालाच आठवत नाही.

तिकडेही कागदांचा छळ झालाच. आन्मेल्डुंग म्हणजे शहरात नाव नोंदवणं, ते घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असा कायदा, आणि त्या कचेरीची अपॉइंटमेंट मिळते त्याच्या कितीतरी नंतरची. नोंदणीला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं. बँकेला नोंदणीचा दाखला लागतो. आणि बँक खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधी भरून ठेवलेले आणि महिन्याला ठरावीकच मिळणारे, स्वतःचेच पैसे हातात पडत नाहीत. महिन्याला ९९२ युरो या हिशेबाने सहा महिन्यांचे ५,९५२ युरो आधीच भरून ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर सहा लाख. बाबांनी त्यासाठी एफडी मोडली. वर आरोग्य विमा. वर घरात टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरामागे महिना १८.३६ युरो. पहिले काही आठवडे मी रडकुंडीला आले होते. पण एक गोष्ट मान्य करायला हवी. तिकडे नियम लिहिलेला होता. कुठला कागद हवा, कुठे द्यायचा, हे वेबसाइटवर होतं, आणि तो कागद दिला की काम व्हायचंच. साहेब जागेवर नाहीत म्हणून कुणी परत पाठवलं नाही.

आणि अभ्यास! इकडे अनेकांना वाटतं की एक्स्चेंज म्हणजे युरोपात फिरून रील टाकणं. एका सत्राला ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या पद्धतीची क्रेडिट धरतात, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे सत्राचे साडेसातशे ते नऊशे तास. मी घेतलेल्या बहुतेक विषयांत इंटर्नल मार्क नावाचा प्रकारच नव्हता. सत्रभर जे शिकलात त्याची दीड तासाची एकच परीक्षा, आणि त्या एका पेपरवर सगळी ग्रेड. हीट ट्रान्सफरच्या पेपरला मी हॉलमध्ये बसले होते तेव्हा हात गार पडले होते. प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. एक खरी भिंत दिलेली, तिचे थर, आतलं-बाहेरचं तापमान, आणि तुम्ही काय गृहीत धरलंत तेही लिहायचं. इकडे मागच्या पाच वर्षांचे पेपर सोडवून भागतं, तिथे ते शक्यच नव्हतं. त्या विषयात मला १.७ मिळाले. मी खोलीत एकटीच उड्या मारल्या होत्या.

हा अभ्यास चालू असताना जानेवारीच्या शेवटी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डिफॉल्टर लिस्ट आली. ७५ टक्के हजेरी नसलेल्यांची. त्यात माझं नाव, हजेरी शून्य, आणि खाली सूचना की पालकांना घेऊन भेटा. मी कुठे आहे हे कॉलेजला माहीत नव्हतं? डिपार्टमेंटमधून पत्र निघालं होतं, त्याची प्रत क्लास टीचरकडे होती. हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एक्स्चेंजवर’ असा पर्यायच नाही, असं नंतर कळलं. नाही तर करा ना! तोवर आईला कॉलेजातून फोन गेला, तुमची मुलगी वर्गात बसत नाही म्हणून. आई बिचारी घाबरून मला तिकडच्या भल्या पहाटे फोन करते, काय झालं विचारते.

परत आल्यावर तिकडचं ट्रान्स्क्रिप्ट घेऊन मी एक्झाम सेलच्या खिडकीवर गेले. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाले, “यात तर १.७ आहे. दहापैकी १.७ म्हणजे नापासच की गं.” मी सांगितलं, काका, जर्मनीत १.० सगळ्यात वरची ग्रेड, ४.० ला पास आणि ५.० म्हणजे नापास. ट्रान्स्क्रिप्टच्या मागच्या पानावर ते छापलंय, हे बघा. त्यांनी मागचं पान बघितलंच नाही. “आमच्या सिस्टीममध्ये दहावर टाकावं लागतं. १.७ टाकलं तर फेल दाखवणार.” काकांवर माझा राग नाही, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. राग आहे तो ज्यांनी सांगायला हवं होतं त्यांच्यावर. भारतातले मार्क जर्मन ग्रेडमध्ये बदलायला बव्हेरियन सूत्र म्हणून एक सूत्र जर्मनीत सर्रास वापरतात. तेच उलटं फिरवा. कमाल १०, पास ४ धरलं तर १.७ चे होतात ८.६. बारावीच्या पोराला जमेल असं गणित आहे. मी ते कागदावर करून एचओडी म्हणजे विभागप्रमुख सरांना दिलं. सर म्हणाले, “बरोबर आहे, पण हे आपण ठरवून चालत नाही.” मग कुणी ठरवायचं? अकॅडमिक कौन्सिलने. कौन्सिलची बैठक कधी? माहीत नाही. विषयपत्रिकेवर हा मुद्दा आहे का? नाही. तो घालायचा कुणी? पुन्हा माझ्याकडेच बघतात.

क्रेडिटचं तर विचारूच नका. तिकडचा विषय ५ ईसीटीएसचा, इकडचा ३ क्रेडिटचा. त्यावर आक्षेप असा की क्रेडिट जुळत नाहीत. अहो, मोजायची पद्धतच वेगळी आहे! आपल्याकडे थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे वर्गातले पंधरा तास. तिकडे घरी बसून केलेला अभ्यासही धरतात. किलो आणि पौंड एकाच तराजूत टाकून फरक निघाला म्हणून माल खोटा ठरवण्यासारखं आहे हे. नंतर म्हणे सिलॅबस जुळवून आणा. मी प्रत्येक विषयाचं मॉड्यूल हँडबुक काढलं, आपल्या युनिटांसमोर त्यांचे टॉपिक लिहून तक्ते केले. मेकॅट्रॉनिक्सच्या सरांनी तक्ता वाचला, पटलं म्हणाले, आणि सही मात्र केली नाही. “सही केली तर उद्या माझ्यावर यायचं.”

माझी तिकडची रूममेट स्पेनची होती. तिला व्हिसा नको, ब्लॉक्ड अकाउंट नको, ते समजू शकते, तिचा पासपोर्ट वेगळा. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी मलाही मिळू शकली असती. इरास्मस योजना युरोपात १९८७ पासून चालू आहे, आणि त्यात निघण्याआधी लर्निंग ॲग्रीमेंट होतं. तिकडे कुठले विषय घेणार, त्यांच्या बदल्यात घरच्या कॉलेजातले कुठले सुटणार, असा तक्ता. विद्यार्थ्याची सही, पाठवणाऱ्या कॉलेजची सही, घेणाऱ्या कॉलेजची सही. ती परत गेली, ट्रान्स्क्रिप्ट पोचलं, विषय खात्यावर जमा. तिला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. हे करायला पैसे लागत नाहीत, विमान लागत नाही. एक कागद लागतो आणि तीन सह्या. आमच्या कॉलेजच्या करारात ‘परस्पर सहकार्य’, ‘सांस्कृतिक देवाणघेवाण’ असं सगळं आहे. क्रेडिटचं कलम नाही.

आणि आपल्याकडे त्यासाठी काही व्यवस्थाच नाही असंही कुणी म्हणू नये. २०२० चं शैक्षणिक धोरण आलं, २०२१ मध्ये यूजीसीने ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स काढली, म्हणजे एका ठिकाणी मिळवलेली क्रेडिट दुसरीकडे नेता यावीत. एबीसी आयडी दिल्याशिवाय आमचा परीक्षेचा फॉर्म घेत नव्हते, इतकी घाई. आयडी आहे. त्यावर त्या सत्राचं एक क्रेडिट नाही.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगते. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात कोलॅबोरेशनला वेगळे गुण असतात, सामंजस्य करार आणि स्टुडंट एक्स्चेंज तिथे दाखवतात. माझं ट्रान्स्क्रिप्ट परीक्षा विभागाला चालत नाही, पण नॅकच्या फाइलला त्याची झेरॉक्स दोनदा मागून घेतली. माझा तिकडचा फोटो गेटवरच्या ॲडमिशनच्या फ्लेक्सवर आहे. त्याच गेटमधून मी रोज एबीचं मार्कशीट घेऊन आत जाते. एकाच इमारतीत, एका मजल्यावर माझं शिक्षण झालेलं आहे आणि दुसऱ्या मजल्यावर झालेलं नाही. हे कसं चालतं? कुणाला लाज वाटत नाही?

आता ऑगस्टपासून प्लेसमेंट. बऱ्याच कंपन्यांची पहिलीच अट असते की ॲक्टिव्ह बॅकलॉग, म्हणजे सुटायचा राहिलेला विषय नको. प्लेसमेंट बघणाऱ्या टीपीओ सरांना भेटले तर ते म्हणाले, “पोर्टलवर तुझे पाच बॅकलॉग दिसतायत, मी काही करू शकत नाही.” आणि आता सल्ला काय मिळतोय, तर बॅकलॉगचा फॉर्म भरून टाक, हुशार आहेस, निघून जातील. मी हीट ट्रान्सफर पास झाले आहे! तोच विषय मी पुन्हा का द्यायचा? सहाव्या सत्राचे बुडलेले दोन महिने भरून काढायचे, आणि शिवाय पास झालेल्या विषयांचे पेपर द्यायचे? बाबांच्या सहा लाखांचा हिशेब कोण देणार?

प्राचार्यांच्या नावाने लेखी अर्ज दिलाय, इनवर्डचा शिक्का घेतलाय. मागणी एवढीच आहे की माझी क्रेडिट मानता की नाही, ते लेखी सांगा, आणि मानत नसाल तर कुठल्या नियमाने, तेही लिहा. अजून उत्तर नाही. दरम्यान पुढच्या बॅचच्या एक्स्चेंजची नोटीस बोर्डावर लागली आहे, त्यातही क्रेडिटबद्दल अवाक्षर नाही. दोन ज्युनियर मुली विचारायला आल्या होत्या. त्यांना मी माझे सगळे तक्ते दिले आणि सांगितलं, आधी सह्या घ्या, मग व्हिसाचं बघा.

बॅकलॉग फॉर्मची मुदत या आठवड्यात संपतेय. त्यानंतर लेट फी, आणि तीही मीच भरायची.