‘जब्याचा दगड कुठे गेला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘झुंड’ या झोपडपट्टीतल्या पोरांच्या फुटबॉल टीमवरच्या हिंदी चित्रपटावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. चार ओळींत भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की ‘फँड्री’ आणि ‘सैराट’वाला दिग्दर्शक नागराज मंजुळे आता उरला नाही. त्याने बच्चनला घेतलं, हिंदीत गेला, तीन तास उपदेश केला. ‘नाळ’ सोडला तर ‘घर बंदूक बिरयानी’पर्यंत नुसती उतरण आहे. माझ्यासारखे लिहिणारे तो कुठून आला हे बघून त्याला सवलत देतात. आणि शेवटी, ‘फँड्री’तल्या जब्या या पोराने शेवटी भिरकावलेला दगड आठवून, तुम्ही विचारलंत, ‘जब्याचा दगड कुठे गेला?’

आधी हिशोबातली एक चूक दुरुस्त करू. तुम्ही ‘नाळ’ जमेला धरलात आणि ‘घर बंदूक बिरयानी’ खर्चाला. हे दोन्ही चित्रपट नागराजने दिग्दर्शित केलेले नाहीत. ‘नाळ’ सुधाकर रेड्डी यक्कंटींचा, ज्यांनी ‘सैराट’ कॅमेऱ्यात पकडला त्यांचा. ‘घर बंदूक बिरयानी’ हेमंत अवताडेंचा. दोन्हींत नागराज निर्माता आहे, नट आहे, पण चित्रपट त्याचा नव्हे. ‘सैराट’नंतर त्याने स्वतः दिग्दर्शित केलेलं बघायचं तर ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट, करोनाकाळातल्या स्मशानावरचा ‘वैकुंठ’ आणि ‘झुंड’ एवढ्यावर बोलायला हवं. यातला ‘पावसाचा निबंध’ किती जणांनी पाहिला? त्याला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेत पावसावर निबंध लिहायला सांगितलाय आणि खरा पाऊस त्या पोराच्या घरात शिरतोय. ‘वैकुंठ’मध्ये तो स्वतः प्रेतं जाळणारा माणूस झालाय. घरमालक घर सोडायला लावतो, तेव्हा पोराला घेऊन स्मशानातच राहायला जातो. जो नागराज हरवला असं तुम्ही म्हणता, तो या दोन लहान चित्रपटांत जसाच्या तसा आहे. ते टॉकीजला लागले नाहीत, म्हणून आपल्या हिशोबात आले नाहीत.

आता दगड. ‘फँड्री’ 14 फेब्रुवारी 2014 ला लागला आणि मी तो त्याच आठवड्यात पुण्यात पाहिला. डुक्कर पकडायला कैकाडी बाप-लेक धावताहेत, शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. पकडलेलं डुक्कर काठीला टांगून नेतात आणि मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा. मग टिंगल करणाऱ्या पोरांवर जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे माझ्यावर येतो. त्या संध्याकाळी मी घरी कुणाशी धड बोलू शकले नव्हते. तो दगड तुम्हालाही लागला होता हे तुमच्या प्रतिक्रियेत दिसतं, आणि म्हणूनच मी हे उत्तर लिहिते आहे.

पण पुढचं ऐका. 2016 च्या मे महिन्यात मी सोलापूरला माहेरी होते आणि ‘सैराट’ पाहायला गेले. झिंगाट सुरू झालं आणि पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर गेली. काही बायका जागेवरच उभ्या राहून नाचत होत्या. आर्ची बुलेटवर येते, ट्रॅक्टर चालवते, शिट्ट्या थांबत नाहीत. मध्यंतरात मी बहिणीला म्हणाले, ‘हा फँड्रीवाला नाही राहिला. गाणी, स्लो मोशन, विहिरीत उड्या, सगळं हिंदी सिनेमासारखं.’ आज तुम्ही ‘झुंड’बद्दल म्हणताय ते अगदी तेच वाक्य. मग उत्तरार्ध हैदराबादला गेला आणि शेवटी आवाजच काढून टाकला. शेजारणीकडून परत आलेलं ते लेकरू रक्तात पाय भरवून बाहेर चालत जातं. टॉकीजमधून बाहेर पडताना जिन्यावर फक्त चपलांचा आवाज होता. ज्यांनी तासाभरापूर्वी नाचून घेतलं होतं तीच ही माणसं. ते नाचणं नसतं तर ती शांतता आलीच नसती, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणजे ‘फँड्री’च्या मापाने ‘सैराट’ मोजला तेव्हा मी चुकले. आता ‘सैराट’च्या मापाने ‘झुंड’ मोजला जातोय.

आणि हे माप कुठपर्यंत नेतं ते मी ‘झुंड’ पाहताना स्वतः अनुभवलं. मार्च 2022, पुणे, रात्रीचा खेळ. मध्यंतरानंतर माझ्या मागे कॉलेजची तीन-चार मुलं होती. टीममधल्या डॉन नावाच्या पोरावर पोलीस केस, कोर्ट, पासपोर्टची ओढाताण असं सगळं चाललेलं, आणि त्यातला एक जण दर दहा मिनिटांनी म्हणे, ‘आता हा मरतो बघ.’ मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण मीही तेच धरून बसले होते. विमानतळावरच्या तपासणीत डॉन अडकतो तेव्हा माझे हात गार पडले होते. नागराजचा चित्रपट आहे, म्हणजे शेवटी हे पोरगं जाणारच. आणि ते गेलं नाही. विमानात बसलं. मागून तो मुलगा म्हणाला, ‘काय एंडिंग आहे राव.’

घरी येताना मी हाच विचार करत होते. झोपडपट्टीतलं एक पोरगं जिवंत राहून परदेशी फुटबॉल खेळायला जातं, आणि आपल्याला चुकल्यासारखं वाटतं. आपल्याला त्याच्याकडून काय हवंय नेमकं? जब्याचा अपमान झाला, आपण हललो. आर्ची-परश्या मेले, आपण हललो. आता डॉन वाचला तर दिग्दर्शकाची धार गेली? धार होती ती आपल्याला रडवण्यात होती, असं आपण ठरवून टाकलंय. तुम्ही तसं शब्दांत म्हटलेलं नाही, पण ‘दगड कुठे गेला’ या प्रश्नात मला तेच ऐकू येतं. दुःख दाखवलंस तेवढंच तुझं खरं, असं आपण ज्या माणसांना सांगतो ती माणसं बहुतेक एकाच बाजूची असतात. शहरातल्या सुखवस्तू घरांवर चित्रपट करणाऱ्याने एक सुखान्त चित्रपट केला तर त्याचा दगड हरवला असं कुणी लिहीत नाही.

‘झुंड’मधला माझा सगळ्यात आवडता भाग सांगते, कारण त्यावर माझ्या लेखात मी फार कमी लिहिलं होतं. ‘फँड्री’तली जत्रा आठवा. जब्या नवे कपडे घालून नाचतोय, शालूने बघावं म्हणून जीव टाकतोय, आणि त्याच जत्रेत त्याच्या डोक्यावर बत्ती येते. गाव नाचणार, ह्याने उजेड धरायचा. आता ‘झुंड’मधली आंबेडकर जयंती बघा. वस्तीतली पोरं वर्गणी काढतात, डीजे लावतात आणि रात्रभर नाचतात. इथे कुणाच्या डोक्यावर बत्ती नाही. उजेड त्यांच्यासाठीच आहे, ढोलही त्यांचाच. एकाच दिग्दर्शकाने आठ वर्षांच्या अंतराने दोन मिरवणुका दाखवल्या आणि मधल्या काळात ते पोरगं उजेडाखाली आलं. त्या नाचात राग नाही असं वाटतं तुम्हाला? मला त्यात ‘फँड्री’इतकाच राग दिसतो, फक्त तो आता घाबरलेला नाही.

बच्चनबद्दल तुम्ही लिहिलंय की मोठ्या नटाच्या सावलीत दिग्दर्शक झाकला. माझा अनुभव वेगळा आहे. पहिली कितीतरी मिनिटं चित्रपट त्या पोरांचा आहे. त्यांची भांडणं, चोऱ्या, पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडत खेळणं. विजय बोराडे हा मास्तर कडेला उभा राहून बघतो. पाचशे रुपये देतो आणि खेळा म्हणतो. मग एक दिवस पैसे नाहीत म्हणाला तरी ती खेळतातच. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या कामावरून हे घेतलंय आणि माणूस जितका असावा तितकाच पडद्यावर आहे. त्याच बोराडेला, म्हणजे त्याच बच्चनला, जयंतीच्या रात्री बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर हात जोडून उभं केलंय. हिंदी पडद्यावर एवढ्या मोठ्या नटाला असं उभं राहिलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. त्या एका क्षणासाठी अमिताभ लागणारच होता. दुसरा कुणी चालला नसता.

हिंदीचं म्हणाल तर एकदा नागपूरला जाऊन या. तिथल्या वस्तीतली पोरं अशीच बोलतात, निम्मं हिंदी निम्मं मराठी, आणि मध्ये ‘बे’. ‘सैराट’ करमाळ्याच्या बोलीत होता म्हणून खरा वाटला. ‘झुंड’ नागपुरी हिंदीत आहे, कारण ती त्या पोरांची बोली आहे. यावर जास्त काय सांगू.

आता तुमचं जे पटलं ते. कोर्टातलं भाषण. हो, ते लांब आहे. सबंध चित्रपटभर जे आपण डोळ्यांनी पाहिलं तेच तिथे बोराडे सर शब्दांत परत सांगतात. ज्याने भिंतीवरच्या चित्रांसमोरून डुक्कर नेऊन एक शब्द न बोलता सगळं सांगितलं, त्याला हे भाषण का लागावं, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्याचा बचाव नाही. लांबीचंही तसंच. मधल्या स्पर्धेत वीसेक मिनिटं सहज कमी झाली असती. माझ्या लेखात मी हे लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण चित्रपटावर आधीच खूप लोक तुटून पडले होते आणि मला त्यात भर घालायची नव्हती. ते चूक होतं. समीक्षा लिहायची तर पूर्ण लिहावी.

म्हणून ‘सवलत’ हा शब्द मला लागला आणि तो थोडा खराही आहे. पण मी सवलत देते ती तो जेऊरहून आला म्हणून नव्हे. ज्या माणसाने मला दोनदा चुकीचं ठरवलं त्याच्या तिसऱ्या कामाकडे मी जास्त सावकाश बघते, इतकंच. माझे आजोबा शांतारामबापूंवर, म्हणजे दिग्दर्शक व्ही. शांतारामांवर, असेच रागावले होते. ‘माणूस’ आणि ‘कुंकू’ पाहून मोठी झालेली ती पिढी. ‘झनक झनक पायल बाजे’चे रंग आणि नाच बघून त्यांनी बापूंचं नावच टाकलं. मग 1972 ला ‘पिंजरा’ आला, बापू तेव्हा सत्तरीचे. आजोबा गेलेच नाहीत. आजी गेली, तीनदा. आजोबांना ते शेवटपर्यंत जमलं नाही आणि घरात ‘पिंजरा’ची गाणी लागली की ते अंगणात जाऊन बसायचे. एका चांगल्या चित्रपटाला ते मुकले, आणि मुकले ते ‘माणूस’वरच्या प्रेमापायी. तुमच्या प्रतिक्रियेतलं प्रेम मला त्याच जातीचं वाटलं, म्हणून ही घरातली गोष्ट सांगितली.

‘झुंड’नंतर नागराजने खाशाबा जाधवांवर चित्रपट करायला घेतला. 1952, हेलसिंकी, कुस्तीतलं कांस्य, स्वतंत्र भारताला मिळालेलं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथे तर शेवट सगळ्यांना ठाऊकच आहे. तेव्हा त्यात कुठला धक्का शोधायचा हे प्रेक्षक म्हणून आपल्याला आधीच ठरवावं लागेल, किंवा शोधणं सोडावं लागेल.

तुमच्या प्रतिक्रियेत कंसात एक वाक्य होतं. ‘घरी लावला होता, मध्यंतरापर्यंत पाहून बंद केला.’ मी जे काही वर लिहिलं त्यातलं अर्धं त्या पुढचं आहे. एक आदिवासी मुलगी आहे, रिंकू राजगुरूने केलेली. तिला पासपोर्ट हवाय आणि ती कोण आहे हे सिद्ध करणारा कागदच नाही. बाप आणि ती या दारातून त्या दारात जात राहतात. कुणी मारत नाही, कुणी शिवी देत नाही, फक्त कागद आणा म्हणतात. सगळ्यात शेवटी ते विमान वस्तीवरून जातं आणि खाली ती भिंत दिसते, ओलांडायला मनाई असल्याच्या पाटीसकट. ज्यांना जायचं होतं त्यातले थोडे वर आहेत, बाकीचे सगळे अजून पाटीच्या अलीकडेच. तुम्ही विचारलेला दगड मला तिथे दिसला होता. पुढच्या रविवारी मध्यंतरापासून लावा. कोर्टाच्या भाषणाला पुढे ढकललंत तरी चालेल. मग पुन्हा लिहा, विरोधात लिहिलंत तरी मी इथेच उत्तर देईन.