एका डिस्कची वाटणी

माझा संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत पाच-सहा ओळी उमटतात आणि त्यांच्याखाली दहापासून उलटे आकडे मोजले जाऊ लागतात. या दहा सेकंदांत आज कोणत्या कार्यप्रणालीत (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) काम करायचे, हे मी ठरवायचे असते. हा दहा सेकंदांचा अधिकार मिळवण्यासाठी मला लागोपाठचे तीन रविवार, एक पेनड्राइव्ह आणि भाच्याच्या नजरेतली होती-नव्हती ती प्रतिष्ठा खर्च करावी लागली. अधिकार मिळाल्यापासून तो मी किती वेळा वापरला, हे मात्र कोणी विचारू नये, अशी माझी इच्छा आहे.

मुळात माझ्या संगणकात एकच कार्यप्रणाली होती. ती यंत्राबरोबरच घरात आली होती आणि तिचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही, कारण बहुतेकांच्या घरी तीच असते. वयोमानानुसार ती (की यंत्र, हा वाद तूर्त बाजूला ठेवू) इतकी मंदावली की सकाळी बटण दाबून मी दाढीला बसत असे आणि दाढी उरकून परतलो तरी पडद्यावरचे वर्तुळ आपल्या प्रदक्षिणा घालतच असे. भाच्याने एकदा हे पाहिले आणि तो म्हणाला, "मामा, शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणाली टाक की. जुनं काढायचं नाही, दोन्ही राहतील. सुरू होताना विचारेल, हे हवं का ते. दहा मिनिटांचं काम आहे." संगणकातल्या जाणकारांच्या तोंडची 'दहा मिनिटे' ही केवळ समोरच्याला धीर देण्यासाठी असतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने छंद म्हणून लिहायला घेतला, असेही त्याने मला सांगितले. एकवीस वर्षांच्या पोराने जे लिहिले ते निदान बसवणे तरी आपल्याला जमावे, असा सरळ हिशेब मी केला आणि तिथेच फसलो.

दोन प्रणालींना एका डिस्कवर राहायचे तर डिस्कची वाटणी करावी लागते. पार्टिशन या शब्दाचा अर्थच वाटणी, आणि वाटणी म्हटले की भाऊबंदकी आलीच. माझी डिस्क निम्म्याहून अधिक रिकामी होती. परंतु 'यातली थोडी जागा सोड' असे जुन्या प्रणालीला सांगताच तिने जी जागा देऊ केली, ती पाहून मला तिच्यात आमच्या एका दूरच्या काकांचा भास झाला. या कंजूषपणाचे कारण मला पुढे कळले. स्मरणशक्ती अपुरी पडली की वापरायची एक भलीमोठी फाइल आणि निद्रावस्थेत जाताना सगळे लिहून ठेवायची तितकीच मोठी दुसरी फाइल, अशा काही अचल फाइली असतात आणि प्रणाली चालू असताना त्या जागच्या हलवता येत नाहीत. माजघराच्या मधोमध खाट टाकून पडलेल्या आजोबांसारख्या त्या असतात. सगळे घर रिकामे असले तरी भिंत त्यांच्या खाटेच्या पलीकडेच घालावी लागते. त्या दोन्ही सोयी काही काळ बंद करून, आजोबांना उठवून, मी भिंत अलीकडे घेतली. यात पहिल्या रविवारची सकाळ संपली.

डिस्कचाही एक सातबारा असतो, ही माहिती मला याच खटाटोपात मिळाली. १९८३ पासून चालत आलेल्या जुन्या पद्धतीत डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत सगळा संसार मांडलेला असे. त्यातले ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या कार्यक्रमाला आणि ६४ बाइट वाटण्यांच्या नोंदीला मिळत. एका नोंदीला १६ बाइट लागत असल्याने मुख्य वाटेकरी चारच. पाचवा आला की कोणाला तरी पोटविभाग करून त्यात राहावे लागे. जीपीटी नावाच्या नव्या पद्धतीत साधारणपणे १२८ वाटेकऱ्यांची सोय असते आणि शहाणपणाची गोष्ट म्हणजे सातबाऱ्याची एक नक्कल डिस्कच्या शेवटीही जपून ठेवलेली असते. माझी डिस्क या नव्या पद्धतीची निघाली, हे या संपूर्ण प्रकरणात मला लाभलेले एकमेव भाग्य होय.

यानंतर लिनक्स भरलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करायचा होता. त्यासाठी निर्मात्याचे बोधचिन्ह पडद्यावर क्षणभर झळकते तेवढ्यात एक विशिष्ट कळ दाबायची असते. ही कळ कोणी एफ२ ठेवतो, कोणी एफ१२, कोणी डिलीट, तर कोणी एस्केप. त्यामुळे मी चारही कळांवर तबलजीसारखी बोटे चालवत बसलो. दर वेळी जुनीच प्रणाली हसतमुखाने समोर येई. शेवटी उलगडा झाला तो असा, की लवकर सुरू होता यावे म्हणून ही प्रणाली 'बंद कर' म्हटल्यावर पूर्ण बंद होतच नाही, आपला गाभा डिस्कवर लिहून ठेवून नुसती पडून राहते. 'पुन्हा सुरू कर' म्हटले की मात्र ती खरोखर बंद होऊन मग सुरू होते. ज्या घरात 'झोप' म्हटल्यावर कोणी झोपत नाही आणि 'ऊठ' म्हटल्यावरच गाढ झोपतो, त्या घरातल्या माणसाने कळ नेमकी कधी दाबावी?

ती सवय मी मोडली, भाच्याच्या सांगण्यावरून सुरक्षित बूटची (फक्त मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देण्याची) अट काढली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. आता पडद्यावर एक निळा फलक आला. सुरुवातीच्या व्यवस्थेत कोणीतरी ढवळाढवळ केली आहे, तेव्हा डिस्कचे कुलूप उघडण्यासाठी ४८ अंकी किल्ली टाकावी, असे त्यावर लिहिले होते. माझ्या डिस्कला कुलूप आहे हेच मला प्रथम कळत होते. किल्लीची एक प्रत माझ्या आंतरजालावरच्या खात्यात आपोआप जमा झालेली असल्याचे भाच्याने फोनवर सांगितले. खात्याचा पासवर्ड मी विसरू नये म्हणून एका फाइलीत लिहून ठेवला होता, आणि ती फाइल त्याच डिस्कवर, कुलपाच्या आत होती. अखेर मोबाइलवरून नवा पासवर्ड घेऊन, सहा-सहा आकड्यांचे आठ गट मी एका बोटाने, श्वास रोखून, टंकित केले. पाचव्या गटात चूक झाली. दुसऱ्या खेपेला दार उघडले. दार उघडताच मी सर्वप्रथम ते कुलूप काढून टाकले. त्याला काही तास लागले आणि पहिला रविवार मावळला.

दुसऱ्या रविवारी बसवणुकीचा खरा प्रसंग आला. नव्या प्रणालीने मला नम्रपणे विचारले, की जुन्या प्रणालीच्या शेजारी राहू, की संपूर्ण डिस्क पुसून राहू? हे दोन्ही पर्याय एकाखाली एक, सारख्याच आकाराच्या अक्षरांत, सारख्याच गोल खुणेसह दिलेले होते. माझे आयुष्यभराचे कागदपत्र आणि संपूर्ण विनाश यांच्यात बोटभर अंतर होते. मी घाबरून तिसरा पर्याय घेतला: 'वाटणी माझी मी करीन.' तेव्हा 'एनव्हीएमई शून्य एन एक पी तीन' अशा नावांची एक यादी पुढे आली. या नावाच्या ठिकाणी आपल्या लग्नाचे फोटो राहतात, हे कोणत्या संसारी माणसाला नुसते वाचून ओळखता येईल? आकारांवरून अंदाज बांधत मी नव्या प्रणालीला जागा दिली आणि कुठेतरी वाचल्याप्रमाणे तिच्या सुरुवातीच्या फाइलींसाठी एक गिगाबाइटचा छोटासा तुकडा वेगळा काढला. हा तुकडा वाचकांनी लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

सगळे 'यशस्वीरीत्या पूर्ण' झाले, यंत्र पुन्हा सुरू झाले आणि थेट जुनी प्रणाली अवतरली. निवड नाही, विचारणा नाही. हल्लीच्या संगणकांत एक लहानसे स्वतंत्र पार्टिशन असते; तिथे प्रत्येक प्रणालीचा द्वारपाल आपापल्या फोल्डरात बसलेला असतो आणि कोणत्या द्वारपालाला आधी हाक मारायची, याची यादी मदरबोर्डच्या स्मृतीत असते. नवा द्वारपाल रुजू झाला होता, पण त्या यादीत तो दुसरा होता. त्याचे नाव ग्रब. 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर' या १९९५ सालच्या भारदस्त नावाचा हा संक्षेप असून त्यात पदार्थविज्ञानातल्या महाएकीकृत सिद्धांताची थट्टा आहे. तो संक्षेप इंग्रजीत वाचला तर त्याचा अर्थ अळी असाही होतो. मी या अळीला यादीत वर चढवले. आता मेन्यू आला, आणि त्यात फक्त लिनक्स होते! जुनी प्रणाली, फोटो, कागदपत्रे, काही म्हणजे काही नव्हते. माझ्या पोटात गोळा आला. "मामा, घाबरू नकोस," भाचा म्हणाला, "ग्रब आता दुसऱ्या प्रणाली आपणहून शोधत नाही. एक ओळ बदलावी लागते." २०२१ च्या २.०६ या आवृत्तीपासून सुरक्षेच्या कारणास्तव हा शोध मुळातच बंद ठेवलेला असतो, असे त्याने स्पष्ट केले. मी ती ओळ बदलली, यादी नव्याने तयार करायला सांगितली, आणि दोन्ही नावे एकाखाली एक झळकली. त्या रात्री मी केवळ तो मेन्यू पाहण्यासाठी यंत्र चार वेळा सुरू केले.

येथे थांबलो असतो तर तिसरा रविवार वाचला असता. परंतु माणसाला थोडे यश मिळाले की त्याला स्वच्छतेची हौस सुटते. जुन्या प्रणालीत बसून डिस्कचा नकाशा न्याहाळताना मला एक गिगाबाइटचा, नाव नसलेला, निरुपयोगी दिसणारा तुकडा आढळला आणि मी तो पुसून टाकला. यंत्र सुरू केले तेव्हा 'असे कोणतेही पार्टिशन नाही' एवढेच वाक्य आणि त्याखाली 'ग्रब रेस्क्यू' असे लिहून लुकलुकणारी खूण. रेस्क्यू म्हणजे सुटका. सुटकेच्या या पडद्याला मोजक्या तीन-चार आज्ञाच समजतात, आणि त्यांत 'हेल्प' नाही. ते मदतीचे प्रकरण मी पुसलेल्या तुकड्यातच राहत होते. मी तरीही ती आज्ञा टंकित केली. अशी आज्ञा अज्ञात असल्याचे उत्तर आले. फोनवर सगळी हकीकत ऐकून भाचा बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग पेनड्राइव्ह अजून जवळ आहे ना, एवढेच त्याने विचारले.

दुसऱ्यांदा बसवल्यावर सगळे सुरळीत झाले. फक्त घड्याळ बिघडले. नवी प्रणाली यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते आणि जुनी तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. त्यामुळे प्रणाली बदलली की वेळही बदलते. एकदा या गोंधळात मी एका बैठकीला काही तास आधी हजर झालो आणि माझ्या तत्परतेचे कौतुक झाले. पुढे एका आज्ञेने नव्या प्रणालीला स्थानिक वेळ पाळायला लावून मी हा तंटा मिटवला.

मेन्यूचे मात्र अजून जमलेले नाही. यंत्र सुरू करून मी दाढीला जातो (ती सवय सुटलेली नाही), दहा सेकंद केव्हाच संपतात, आणि परत येतो तो पहिल्या ओळीवरचे लिनक्स उघडलेले असते. हिशेबाची फाइल नेमकी दुसरीकडे असते. जुनी प्रणाली रात्री स्वतःला अद्ययावत करायला बसते, मध्येच यंत्र पुन्हा सुरू करते, आणि तिच्या उरलेल्या कामावर लिनक्स येऊन बसते. म्हणून मी दहाच्या जागी उणे एक लिहिले. उणे एक म्हणजे कितीही वेळ लागो, मालकाची वाट पाहा.

आज सकाळी पत्नीने मला हलवून उठवले. "अहो, तो संगणक रात्रीपासून काहीतरी विचारत उभा आहे."

"मग?"

"मग काय, मी खालची एक ओळ निवडून दिली."

जाऊन पाहिले, तर खालची ती ओळ स्मृतिचाचणीची होती. ही चाचणी थांबवेपर्यंत थांबत नाही. यंत्र आपली स्मरणशक्ती बाइट-बाइट तपासत होते आणि एवढ्या वेळात त्याला एकही चूक सापडलेली नव्हती. मी तिथेच खुर्ची ओढून बसलो आहे. चाचणी बंद करण्यापूर्वी हिशेबाची ती फाइल परवा कोणत्या प्रणालीत ठेवली, ते मला आठवायचे आहे.